दगडातून कोण गेलं, कोण राहिलं

(विहीर, यारी, वर येणारा मलबा)

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातली ही नवी विहीर. मुरूम संपला, मांजऱ्या खडक, म्हणजे भोकाभोकांचा बेसाल्ट, लागलाय. भोकाभोकांत पांढऱ्या गारा, कडेला हिरवा थर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले. पुढे खडकातून फिरणाऱ्या गरम पाण्याने सिलिका, कॅल्शियम, सोडियम विरघळवून या पोकळ्यांत आणून ठेवलं. ही खनिजं: पांढरं ते झिओलाइट, हिरवं सेलाडोनाइट. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंगही अशाच हिरव्या मातीचा. हा ढीग रस्त्याच्या भरावात जाण्याआधी, खोली लिहून टोपलीभर दगड जवळच्या कॉलेजात पोचलेच पाहिजेत.

(अ‍ॅनिमेशन: समुद्रतळ)

समुद्राखालच्या ज्वालामुखी खडकात पाणी याहून कितीतरी जास्त तापतं. भेगांतून उतरलेलं खारं पाणी ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतं, तांबं, जस्त, लोह उचलतं, आणि वर थंड पाण्यात मिसळताच ते धातू गंधकाशी जोडले जाऊन सल्फाइड म्हणून साचतात. १९७९ साली ‘आल्विन’ पाणबुडीतून पूर्व प्रशांत महासागरात असे काळा धूर ओकणारे धुराडे दिसले. गुजरात-राजस्थान सीमेवरचं अंबाजी-देरीचं जस्त, शिसं, तांबं याच घडणीचं. आपला बेसाल्ट जमिनीवर पसरला; तसे साठे इथे शोधू नयेत.

(प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शकाखालचा काप)

एवढं सगळं वाहून गेल्यावर मूळ खडक ओळखायचा कसा? जागा न सोडणाऱ्यांवरून: टायटॅनियम, झिर्कोनियम आणि बऱ्याच अंशी १७ दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं. त्यांत युरोपियम वेगळं. ऑक्सिजन नसलेल्या तापलेल्या पाण्यात ते द्विसंयुजी होतं. त्याची भावंडं त्रिसंयुजीच राहतात. फेल्डस्पार या खडकातल्या नेहमीच्या खनिजात ते कॅल्शियमच्या जागी बसतं, आणि फेल्डस्पार मोडला की पाण्याबरोबर निघतं. म्हणून समुद्रतळावरच्या अशा सल्फाइड साठ्यांत ते अनेकदा जास्त भरतं. क्लोरिन-फ्लोरिन भरपूर असेल तर त्याच भावंडांतली लँथेनम, सेरियमही हलतात, मग मोनाझाइट, अ‍ॅलानाइट या खनिजांच्या कणांत अडकतात. ‘अचल’ म्हणून कुणालाच गृहीत धरू नये, दर ठिकाणी मोजावं.

(डोंगरावरच्या पवनचक्क्या)

काही पवनचक्क्यांच्या चुंबकांत या दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांतलंच निओडिमियम असतं. जगभर त्याला मागणी आहे ती अशा चुंबकांमुळेही.

(देगलूरजवळचा उघडा खडक)

नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोलीकडे बेसाल्ट संपून ग्रॅनाइट उघडा पडतो. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांनी त्याचेही नमुने घ्यावेत, भेगांजवळचे वेगळे, लांबचे वेगळे, आणि दोन्हींतलं युरोपियम शेजारी शेजारी मांडावं.