दोन औंस माती

(पडद्यावर: अंधारात उजळलेली मातीची मोठी कुंडी. तिच्यात विलोचं कोवळं रोप.)

सतराव्या शतकातली गोष्ट. ब्रसेल्सच्या भागात राहणाऱ्या यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्मॉंट या वैद्यानं भट्टीत वाळवलेली 200 पौंड माती तोलून कुंडीत भरली. तिच्यात पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला पाण्याखेरीज काही घातलं नाही. धूळ पडून हिशेब चुकू नये म्हणून कुंडीवर भोकं पाडलेला पत्राही बसवला. पाच वर्षांनी झाड उपटून तोललं. भरलं 169 पौंड, वर तीन औंस. माती पुन्हा वाळवून तोलली. कमी झाली होती जेमतेम दोन औंस.

मग हे दीडशेहून जास्त पौंड आले कुठून?

तो म्हणाला, पाण्यातून. उत्तर चुकलं. पण चुकलेला माणूस कोण होता बघा. ‘गॅस’ हा शब्दच मुळी त्यानं घडवलेला. ओकचा 62 पौंड कोळसा जाळला की हाती एक पौंड राख उरते आणि बाकीचे 61 पौंड डोळ्यांना न दिसणाऱ्या कशात तरी जातात, हे त्यानंच लिहून ठेवलं. त्या ‘कशाला तरी’ आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. लाकडाची हवा होते हे त्याला कळलं होतं. हवेचं लाकूड होतं हे मात्र, समोरच्या कुंडीत पाच वर्षं घडत असूनही, निसटलं.

1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या त्या नोंदीत आणखी एक कबुली आहे. चार शरद ऋतूंत गळलेल्या पानांचं वजन आपण धरलेलं नाही, असं तो सांगतो. ती पानं लक्षात ठेवा.

(पानाची खालची बाजू, सूक्ष्मदर्शकाखाली.)

घेवड्याच्या बियांसारख्या दोन पेशी समोरासमोर आहेत. पाणी भरून त्या फुगतात, बाहेरच्या बाजूला वाकतात आणि मधे फट पडते. हे पर्णरंध्र. नखाएवढ्या पानावर अशी हजारो असतात. आत शिरणाऱ्या हवेच्या दहा हजार रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे रेणू असतात चार. त्या चारांसाठी दार उघडायचं, आणि उघडलं की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पळणार. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूपायी पाण्याचे काहीशे रेणू जातात. भर उन्हात बरीच झाडं दारं ओढून घेतात ती यामुळेच. उपास पत्करला, पण कोरडं पडणं नको.

आत कार्बनला पकडणारं विकर (एन्झाइम) आहे रुबिस्को. जगातलं एवढं महत्त्वाचं काम आणि कामगार असा मंद! सेकंदाला तीनेक रेणू उरकतो, त्यातही अधूनमधून कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच धरून बसतो. झाडांनी यावर तोड काढली ती संख्येची. पानं रुबिस्कोनं ठासून भरलेली असतात. पकडलेल्या कार्बनची साखर होते, साखरेच्या साखळ्यांचं लाकूड होतं. वाळलेल्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन असतो, आणि तो सगळाच्या सगळा हवेतून आलेला.

(रात्रीचं जंगल. पालापाचोळ्यावर पांढुरके धागे.)

पण घेतलेलं सगळं ठेवता येत नाही. झाडालाही जगायला साखर जाळावी लागते. दिवसभरात कमावलेल्या कार्बनपैकी जवळपास निम्मा ते स्वतःच श्वसनातून परत सोडतं.

आणि ती न तोललेली पानं? बुरशीचे धागे पानाच्या शिरांमधून आत शिरतात, विकरं सोडून तंतू विरघळवतात, साखर पितात. जीवाणू, किडे, गांडुळं आपापला वाटा उचलतात. पान विरतं, जाळी उरते, पुढे जाळीही जाते. मातीत मिसळतं ते थोडं. जास्तीचं वजन पुन्हा हवेत. कोळशाच्या भट्टीत झालं तेच, फक्त ज्वाळेशिवाय आणि सावकाश.

आपणही याच रांगेत. वजन उतरवलेल्या माणसाची चरबी गेली कुठे, असं विचारलं तर बहुतेक जण घाम म्हणतील. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग उच्छ्वासातून, कार्बन डायऑक्साइड होऊन जातो.

(कॅलिफोर्निया, 1955. झाडीत काचेचे फ्लास्क.)

ही देवघेव एखाद्या पानापुरती मोजणं वेगळं आणि पृथ्वीभर मोजणं वेगळं. चार्ल्स डेव्हिड कीलिंग नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ बिग सरच्या जंगलात रात्री-अपरात्री उठून फ्लास्कमध्ये हवा भरत होता. रात्री झाडीत कार्बन डायऑक्साइड वाढायचा, दुपारी उतरायचा. जंगल श्वास घेत होतं, तेही आकड्यांत.

मार्च 1958 मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं त्याचं यंत्र हवाईतल्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर सुरू झालं. पहिला आकडा: दहा लाख रेणूंत सुमारे 313. मेपर्यंत आलेखाची रेषा चढली, मग ऑक्टोबरपर्यंत उतरली, पुन्हा चढली. जगातली बरीचशी जमीन उत्तर गोलार्धात आहे. तिथे पानं फुटली की रेषा खाली, पानं गळून कुजू लागली की वर. हेल्मॉंटनं न तोललेली पानं इथे तोलली जात होती, एका झाडाची नव्हे, अख्ख्या गोलार्धाची.

(समुद्राच्या पाण्यातून हळूहळू झरणारे पांढरे कण.)

समुद्रात हेच काम पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिप्लवक करतात. जगातल्या प्रकाशसंश्लेषणात त्यांचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे. त्यांचा बहुतेक कार्बन पृष्ठभागाजवळच फिरत राहतो. थोडा मेलेल्या कणांबरोबर खोल उतरतो आणि शतकानुशतकं वर येत नाही.

(कोळशाचा थर. त्यात उमटलेलं नेच्याचं पान.)

काही पानं मात्र कुजलीच नाहीत. तीसेक कोटी वर्षांपूर्वी दलदलीत बुडाली, ऑक्सिजन पोचला नाही, दगडी कोळसा झाला. आपण खाणीतून काढतो तो हा अडकलेला कार्बन.

जमिनीवरच्या वनस्पती वर्षाला सुमारे 120 अब्ज टन कार्बन ओढतात, म्हणजे हवेतल्या साठ्याचा सातवा हिस्सा. कोळसा, तेल आणि वायू जाळून आपण सोडतो सुमारे 10 अब्ज टन. आकडा किरकोळ वाटतो. पण ते 120 अब्ज टन जवळजवळ तेवढेच परत येत होते, म्हणून हिशेब जुळत होता. या 10 ना परत खाणीत जायची वाट नाही. निम्मे समुद्र आणि झाडंमाती उचलतात, निम्मे हवेत राहतात.

(पुन्हा मौना लोआ. कागदावर सरकणारी रेषा.)

रेषा अजूनही दर मेमध्ये शिखर गाठते. मग उत्तरेतली पानं कामाला लागतात आणि ती उतरू लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाला पोचते. आता हा तळ 1958 च्या शिखरापेक्षा शंभराहून जास्त अंकांनी वर आहे.