टॉम अँड जेरीतलं ते पियानोवालं: कृपया पुढे पळवू नका

नमस्कार मंडळी! मागे मी सहज बोलून गेलो की वेस्टर्न क्लासिकलची गोडी मला टॉम अँड जेरीनं लावली. तेव्हापासून कमेंट्समध्ये एकच धोशा, "दादा, ते पियानोवालं म्युझिक कुठलं?" ते आधी भराभर उरकतो. कार्टून 'द कॅट कॉन्सर्टो', १९४७ चं, ऑस्कर मिळालेलं. वाजतं ते संगीतकार फ्रान्झ लिस्टचं 'हंगेरियन ऱ्हॅप्सडी नंबर २', १८४७ मध्ये पियानोसाठी लिहिलेलं. यूट्यूबवर ढिगानं सापडेल. मुंबईत असला काही कार्यक्रम ऐकायचा असेल तर नरिमन पॉइंटला एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. २००६ पासून तिथे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासुद्धा आहे. झालं.

आता माझं खरं दुखणं. तुम्ही लिंक उघडता आणि अर्धं सोडून पुढे उडी मारता! वर "मस्त पार्ट इथून" म्हणून टाइमस्टॅम्प टाकता. अहो, काय करताय?

ह्या रचनेचे मुख्य भाग दोनच. लाशान म्हणजे संथ, फ्रिश्का म्हणजे द्रुत. संथ भागात वादक लय हवी तशी ताणतो, मध्येच श्वास घेतो. कार्टून आठवा. टॉम ऐटीत येऊन बसतो, जड हातानं पहिले सूर लावतो, आणि पियानोच्या आत झोपलेला जेरी त्या दणक्यानं उडतो. टॉमचा तो मख्ख चेहरा आधी पाहिलेला असतो, म्हणून पुढची मारामारी हसवते. मारामारीच आधी दाखवली असती तर?

"दादा, बग्ज बनीचं पण सेम म्युझिक आहे ना?" हो, आहे. 'ऱ्हॅप्सडी रॅबिट', १९४६, वॉर्नर ब्रदर्सचं. तीच रचना आणि गमतीही इतक्या सारख्या की दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आळ घेतला. त्यावर वेगळा व्हिडिओ करू. आणि ज्यांनी 'लिस्ट नाही, लिझ्ट' असं चार वेळा लिहिलंय त्यांना साष्टांग नमस्कार, पण ते 'लिस्ट'च आहे.

हां, तर उडी मारणं. मीही मारायचो! कॉलेजात असताना काळा घोड्याजवळच्या एका दुकानातून मी ह्याची कॅसेट आणली. घरी येताच फॉरवर्ड दाबून ती जागा शोधायला लागलो, जिथे जेरी आतल्या हातोड्यांवर नाचतो. सापडेना. उलटी केली, सुलटी केली. कॅसेट खराब निघाली म्हणून दुसऱ्या दिवशी तावातावानं परत घेऊन गेलो. काउंटरवरचे काका शांतपणे म्हणाले, "ते ह्यात नसतंच, बाळा." खरंच नसतं. तेवढा तुकडा लिस्टचा नाही, त्या काळातलं एक अमेरिकन गाणं कार्टूनवाल्यांनी मध्ये घुसवलंय. फॉरवर्ड दाबत बसलो नसतो, एकदा नीट पहिल्यापासून ऐकलं असतं, तर बसचं भाडं वाचलं असतं.

अजून पटत नसेल तर आमच्या आजोबांचं ऐका. गिरगावातली चाळ, एक खोली, एक टीव्ही. केबलवर कार्टून नेटवर्क नुकतं आलेलं, ९५ नंतरची गोष्ट. आजोबा गाण्यातले, भजनी मंडळात तबल्यावर बसायचे. कार्टूनला "माकडचेष्टा" म्हणायचे, पण हे लागलं की वर्तमानपत्र खाली यायचं. मांडीवर बोटं सुरू. टॉमचा तो संथ भाग चालू असताना बोटं अडखळायची, पुन्हा सुरू व्हायची, पुन्हा अडखळायची. "ह्या बोक्याची सम कुठाय रे?" असं वैतागून विचारायचे. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. मी हसायचो. मला काय कळतंय, दहा वर्षांचा मी.

मग फ्रिश्का यायची. आजोबांची बोटं एकदम जागेवर पडायची, मान हलायची. "आत्ता सापडला!" जेरीकडे तर त्यांचं लक्षही नसायचं. शेवटी सगळ्या टाळ्या उंदीर घेऊन जातो ह्याचा मात्र त्यांना शेवटपर्यंत राग होता. "वाजवलं त्यानं आणि मान ह्याला?"

तर आज रात्री हेडफोन लावा, साधारण दहा मिनिटं काढा, आणि ती लाल पट्टी पुढे सरकवू नका. मांडीवर ठेका धरून बघा. कुठे अडखळलात ते कमेंटमध्ये टाका. टाइमस्टॅम्पसकट चालेल, ह्या वेळी.