तासभर मासेमारी, वर्षभर राखण

आधी त्या भोपळ्यांकडे बघा. वाळवून पोकळ केलेले, दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावतील एवढाले. नदीकाठी हजारो माणसं खोळंबून उभी आहेत, एका हातात जाळं, काखेत भोपळा. बंदुकीचा बार होतो आणि सगळी एकदम पाण्यात उड्या घेतात. भोपळ्याच्या आधाराने तरंगायचं, आणि धरलेला मासा भोपळ्याच्याच तोंडातून आत सारायचा. जाळं हाताचं, नाहीतर नुसते हात. वेळ एक तास. ज्याचा मासा सगळ्यांत मोठा, तो जिंकला.

हे नायजेरियाच्या वायव्येकडचं केब्बी राज्य, गाव अर्गुंगू, नदी माता फादा. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इथे चार दिवस उत्सव चालतो. होड्यांच्या शर्यती, कुस्त्या, पाण्यातली रानबदकं पकडणं, सगळं असतं. पण गर्दी लोटते ती या एका तासासाठी. केब्बी आणि शेजारची सोकोटो सल्तनत यांचं जुनं हाडवैर. ते मागे टाकून 1934 मध्ये सोकोटोचे सुलतान इथे भेटीला आले, त्यांच्या मानाखातर मोठी मासेमारी झाली, आणि आजच्या उत्सवाची सुरुवात तिथून धरतात. मासेमारीची प्रथा मात्र त्याहून कितीतरी जुनी.

2005 साली जिंकलेला मासा 75 किलोंचा होता. काट्यावर चढवायला चार माणसं लागली. एवढं धूड तासाभरात हाती लागतं, कारण एरवी या पट्ट्यात मासेमारीला बंदी असते. ही राखण दोन घराण्यांकडे आहे. सारकिन रुवा नदीची स्वच्छता बघतात, आणि जिथे स्पर्धा होते तो पट्टा सांभाळायचा होमा घराण्याने. 2016 मध्ये युनेस्कोने या उत्सवाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा या दोन्ही घराण्यांची नोंद झाली. आम्हाला विचाराल तर 75 किलोंच्या बक्षिसात अर्धा वाटा त्यांचा.

पण राखणदाराचा हात कुठवर पोचणार? 2006 मध्ये नदीला पाणीच कमी होतं, म्हणून मासेमारी रद्द करावी लागली. याच खोऱ्यात वरच्या अंगाला बाकोलोरी आणि गोरोन्यो ही मोठी धरणं आहेत. पुराचं पाणी काठ सोडून सखल रानात पसरलं, तर माशांना अंडी घालायला आणि पिल्लांना वाढायला जागा मिळते. पूर धरणात अडला की ती जागा कोरडी. जाळं घेऊन आलेल्या माणसाला अडवता येतं, धरणाच्या दरवाजाला कोण अडवणार?

गळाच्या स्पर्धांचं गणित वेगळं. तिथे गर्दीही मोठी आणि स्पर्धाही वरचेवर. अमेरिकेत रे स्कॉट यांनी 1967 पासून बास माशाच्या स्पर्धा नावारूपाला आणल्या. 1972 मध्ये त्यांनीच मासा जिवंत सोडण्याची मोहीम उघडली. मासा धरायचा, मोजायचा, परत पाण्यात. ऐकायला सोपं वाटतं. बारकावे इथे बघा. हात आधी ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि तिथेच रोग धरतो. गळाचा उलटा दात चिमट्याने दाबून टाकलाय, म्हणजे तोंड न फाटता गळ सुटतो. ओल्या पट्टीवर लांबी, एक फोटो, आणि सोडला. मासा होडीतल्या टाकीत ठेवून संध्याकाळी काट्यापाशी न्यायची पद्धत अजून आहेच, पण पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी: 10 अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण 11 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. उन्हाळ्यात टाकीतून सोडलेला मासा पोहत गेला म्हणजे जगलाच, असं नव्हे. कडक उन्हात स्पर्धा पुढे ढकलणारे आयोजक आम्हाला जास्त शहाणे वाटतात.

वजनावर बक्षीस ठेवलं की आणखीही गमती होतात. 2022 मध्ये अमेरिकेतल्या ईरी सरोवरावरच्या एका स्पर्धेत माशांच्या पोटातून शिशाचे गोळे निघाले!

ऑस्ट्रेलियात उलटाच प्रकार. मरे-डार्लिंग खोऱ्यात बाहेरून आलेल्या कार्प माशाने उच्छाद मांडलाय, त्यामुळे तिथल्या कार्प स्पर्धांमध्ये मासा परत सोडायचा नसतो. उत्साह दांडगा, पण एक मोठी मादी दहा लाखांवर अंडी घालते. एका रविवारच्या स्पर्धेने त्याला काय फरक पडणार?

नदीला खरा हातभार लागतो तो स्पर्धा नसलेल्या दिवशी. इंग्लंडमध्ये 1948 साली जॉन ईस्टवुड या बॅरिस्टरनी गळ टाकणाऱ्यांची संघटना उभी केली, नदी नासवणाऱ्यांना कोर्टात खेचण्यासाठी. पुढे डरबीच्या एका मासेमारी मंडळाने डरवेंट नदीसाठी खटला भरला. समोर कृत्रिम धाग्याचा कारखाना, गरम पाणी सोडणारं वीज प्राधिकरण आणि मैला सोडणारी नगरपालिका, तिघेही तालेवार. 1952 मध्ये अपील न्यायालयात मंडळाची सरशी झाली. लोकांची गरज आहे म्हणून नदी घाण करायची मुभा मिळत नाही, हे तिथे ठरलं.

आजही तिथले गळकरी गमबूट चढवून पात्रात उतरतात. जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची, वरच्या बाजूचे दगडगोटे तीन मिनिटं पायाने ढवळायचे, आणि सुटून आलेलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. मग मेफ्लाय नावाच्या किड्याच्या अळ्या, गोड्या पाण्यातले झिंगे, दगडाच्या कणांचं घर पाठीवर वागवणाऱ्या कॅडिस किड्याच्या अळ्या, असे ठरलेले आठ गट मोजून गुण द्यायचे. घाण पाण्यात सगळ्यांत आधी हेच जातात. गुण ठरलेल्या पातळीखाली उतरले की फेरमोजणी होते, आणि तरीही कमीच भरले, तर थेट पर्यावरण खात्याला फोन.