सातव्या क्रमांकाचा टर्बो

(दृश्य : वहीचे पान, अगदी जवळून.)

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या एका सनदी लेखापालांच्या वहीचे हे पान आहे. पानाच्या डोक्यावर गाडीचे नाव आहे, स्कोडा लॉरा, 1.8 टीएसआय, 2011, आणि त्याखाली करावयाच्या कामांची यादी. पहिल्या क्रमांकावर निळ्या शाईने लिहिलेले ‘टर्बो, के-04’ हे शब्द लाल रेघेने खोडलेले असून तेच शब्द त्याच पानावर खाली, सातव्या क्रमांकावर, पुन्हा लिहिलेले दिसतात. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, आणि के-04 हा मूळपेक्षा मोठा टर्बो; तो बसवून मालकांना गाडीची शक्ती वाढवायची आहे. ही रेघ मालकांची नाही. ती त्यांच्या मिस्त्रींनी मारली. टर्बो त्याआधीच, बरा भाव मिळाला म्हणून, विकत घेऊन झाला होता आणि तो आजही गॅरेजच्या माळ्यावर खोक्यात आहे.

(दृश्य : टेबलावर तुटका पिस्टन. मिस्त्री तो उलटासुलटा करून दाखवतात.)

हा पिस्टन या गाडीतला नव्हे. दोन रिंगांमधली जी पट्टी असते, तिचा नखाएवढा तुकडा निखळलेला आहे, आणि मिस्त्री बोट ठेवतात ते नेमके त्याच जागी. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एका किलोला सुमारे 14.7 किलो हवा लागते. टर्बो पूर्ण दाबाने फुंकत असताना मात्र हे प्रमाण मुद्दाम 12 ते 12.5 च्या आसपास, म्हणजे रिच, ठेवतात, कारण जादा पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता शोषून घेते. मोठा टर्बो बसवला की हवा लगेच वाढते. पेट्रोल मात्र पंप आणि ते फवारणारे इंजेक्टर देऊ शकतील तेवढेच वाढते. मिश्रण लीन होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, तापमान चढते, ठिणगीनंतर कोपऱ्यात उरलेले मिश्रण ज्वाला पोहोचण्यापूर्वीच एकदम पेट घेते, आणि त्या ठोक्यांनी ही पट्टी तुटते. त्या गाडीचे इंजिन पुन्हा बांधावे लागले.

(दृश्य : बोनट उघडे. इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणारे नळकांडे, काढलेले. कंप्रेसरचा आवाज.)

यादीतला पहिला क्रमांक आता तपासणीचा आहे. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले गेले, टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर बदलला गेला, कारण या पिढीच्या इंजिनांत त्याने अनेकांना दगा दिलेला आहे, आणि त्यानंतर व्हॉल्व्ह उघडे पडले. या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे न पडता थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हची पाठ पेट्रोलने कधीच धुतली जात नाही, आणि तेलाची वाफ तिथे वर्षानुवर्षे जळून डांबरासारखी बसते. ती काढण्यासाठी मिस्त्री अक्रोडाच्या टरफलांचा भुगा वापरतात. ज्या सिलिंडरचे काम चालू असेल त्याचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईपर्यंत क्रँक, म्हणजे पिस्टन वरखाली करणारा दांडा, पान्याने हळूहळू फिरवायचा, पोर्टच्या तोंडाशी व्हॅक्युमची नळी घट्ट बसवायची, आणि मग हवेच्या दाबाने तो भुगा आत मारायचा. टरफल कार्बन उडवण्याइतके कठीण असते, पण धातूला ओरखडा काढण्याइतके नसते. एक सिलिंडर संपला की पुन्हा पाना, पुन्हा क्रँक, पुन्हा नळी. हे काम सकाळी सुरू झाले आणि दिवे लागणीला संपले. काळा व्हॉल्व्ह आणि त्याच्या शेजारचा राखाडी, स्वच्छ व्हॉल्व्ह एकाच चौकटीत आपल्याला दिसतात.

दुसरा क्रमांक मोजमापाचा, म्हणजे लॅपटॉप, एक केबल आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर. त्याच्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

(दृश्य : भर दुपारचा रस्ता, उन्हात तापलेले बोनट.)

तिसऱ्या क्रमांकावर टर्बोतून आलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आणि टर्बोमागून धूर बाहेर नेणारा डाउनपाइप आहेत, आणि हा क्रम ठरवण्यात इंदूरच्या हवेचाही वाटा आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर असल्याने येथील हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो. मुंबईत मिळणारा दाब मॅनिफोल्डमध्ये इथेही मिळवायचा असेल तर टर्बोला हवा अधिक पटीने दाबावी लागते आणि ती त्याच प्रमाणात अधिक तापते. मे महिन्यातली 42 अंशांची हवा दुपटीने दाबली, आणि टर्बोची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर ती गणिताने 140 अंशांच्या आसपास बाहेर पडते. मोठा इंटरकूलर जुन्या टर्बोलाही उपकारकच ठरतो, म्हणून तो आधी बसवून ठेवण्यात तोटा नाही.

(दृश्य : मागची सीट काढलेली. टाकीतून पंप बाहेर येतो.)

चौथा क्रमांक हा या यादीचा कणा आहे. गाडीत दोन पंप असतात : टाकीतला विजेवर चालणारा पंप पेट्रोल पुढे ढकलतो, आणि कॅमशाफ्टवरच्या उंचवट्यांनी हलणारा हाय प्रेशर पंप तेच पेट्रोल सुमारे 150 बारपर्यंत दाबून रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, भरतो. दुसरा पंप कितीही मोठा आणला तरी त्याच्याकडे येईल तेवढेच तो दाबणार, म्हणून आधी टाकीतला पंप, त्याची वायर आणि फिल्टर, आणि मगच पुढचा.

मूळ 160 अश्वशक्तीसाठी हे इंजिन पूर्ण जोरात ताशी सुमारे 53 लिटर पेट्रोल पिते. मालकांना हव्या असलेल्या 260 अश्वशक्तीसाठी ते सुमारे 87 लिटर लागेल. त्यातही पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असल्यामुळे तेवढ्याच शक्तीला आणखी सहा-सात टक्के इंधन लागते. मिनिटाला 6000 फेरे होत असताना सक्शनचा, म्हणजे हवा आत ओढण्याचा, एक स्ट्रोक अवघ्या 5 मिलिसेकंदांत संपतो, आणि पेट्रोल आत टाकण्याचा बहुतेक अवधी तेवढाच असतो. आज एका फवाऱ्यात सुमारे 0.08 मिलिलिटर पेट्रोल जाते, उद्या 0.13 जावे लागेल. केवळ दाब वाढवून हे साधायचे ठरवले तर प्रवाह दाबाच्या वर्गमुळानेच वाढत असल्याने दाब अडीचपटीहून अधिक करावा लागेल, जे या रेलला शक्य नाही. म्हणून सहाव्या क्रमांकावर इंजेक्टर आले.

मोठा पंप जुन्या टर्बोसोबत सहा महिने चालवला तरी काही बिघडत नाही, कारण ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, रेलचा दाब सतत मोजतो आणि लागेल तेवढेच पेट्रोल पंपाला आत घेऊ देतो. मोठा टर्बो जुन्या पंपासोबत एक संध्याकाळही सुखाने चालत नाही. ज्याची शक्ती दिसत नाही त्या भागावर आधी पैसे घालायला मालकाचे मन धजत नाही, हे मिस्त्रींना ठाऊक आहे. पंपाची पावती दाखवल्याशिवाय ते टर्बोविषयी बोलतच नाहीत, आणि आमच्या मते ते योग्यच करतात.

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा, दोन रेघा.)

पडद्यावरची लाल रेघ ईसीयूने रेलमध्ये मागितलेल्या दाबाची आणि निळी प्रत्यक्ष मिळालेल्या दाबाची आहे. पंप बदलण्यापूर्वीच्या या नोंदीत टर्बो जुनाच आहे, बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, फक्त मॅप (ईसीयूमधले आकड्यांचे तक्ते) बदलून थोडा वाढवलेला आहे, आणि तरीही 5200 फेऱ्यांच्या पुढे निळी रेघ खाली कलते. मागणी 150 बारची असताना 118 बारच मिळतात. हीच नोंद पाहून वहीत लाल रेघ मारली गेली. इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या डायनोमीटरसाठी गाडी पुण्याला नेली होती, परंतु त्या प्रवासाचे चित्रण आमच्याजवळ नाही.

पाचवा क्रमांक क्लचचा, कारण मूळ इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 250 न्यूटन-मीटर आहे आणि के-04 त्याच्या बराच पुढे जातो. इंजेक्टर जुन्या टर्बोवरच नव्या मॅपने तपासून घ्यायचे, म्हणजे पुढे काही अडले तर दोष इंजेक्टरचा की टर्बोचा हा वाद उरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाला सोडून असे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि विम्याचा दावाही अडचणीत येतो. ही गाडी बंदिस्त ट्रॅकसाठी तयार होत आहे.

(दृश्य : संध्याकाळ. लॅपटॉपवर नवी नोंद. मालक पडद्याकडे पाहतात, मिस्त्री हात पुसतात.)

नव्या पंपांनंतरच्या या नोंदीत दोन्ही रेघा 6000 फेऱ्यांपर्यंत एकमेकींवर बसलेल्या आहेत. मालक वही उघडून चौथ्या क्रमांकापुढे खूण करतात, तारीख घालतात आणि खर्चाच्या रकान्यात आकडा लिहितात.

(दृश्य : माळ्यावरचे खोके. त्यावर धूळ.)