थांबलेली पेशी गप्प बसत नाही

तुमच्या अंगावर कुठेतरी तीळ असेलच, हातावर, मानेवर, नाहीतर पाठीवर. जरा निरखून बघा. बरेचसे तीळ जन्मतः नसतात, लहानपणी किंवा तरुणपणी येतात, थोडे वाढतात आणि मग जे थांबतात ते वर्षानुवर्षं तेवढेच राहतात. का थांबतात? कारण यातल्या बऱ्याच तिळांच्या पेशींमध्ये बीआरएएफ नावाच्या जीनमध्ये जो बिघाड असतो, तोच बिघाड मेलानोमा नावाच्या त्वचेच्या कॅन्सरच्या साधारण निम्म्या पेशंटमध्येही सापडतो, म्हणजे कॅन्सरच्या दिशेने पहिलं पाऊल पडून गेलेलं असतं आणि तिथेच पेशीने करकचून ब्रेक दाबलेला असतो. 2005 मध्ये अशा तिळांच्या पेशी तपासल्या तेव्हा त्यात सेनेसन्सच्या खुणा सापडल्या. सेनेसन्स म्हणजे पेशी जिवंत आहे, खातेपिते, पण तिचं विभाजन कायमचं बंद. (अचानक वाढणारा किंवा रंग बदलणारा तीळ मात्र डॉक्टरांना दाखवाच.)

हे थांबणं पहिल्यांदा नीट दाखवलं लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी, 1961 मध्ये, फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये. तेव्हा सगळ्यांची पक्की समजूत होती की शरीराबाहेर काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशी अमर असतात, कारण अलेक्सिस कॅरेल या नोबेलविजेत्या सर्जनने कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाच्या पेशी वर्षानुवर्षं जिवंत ठेवल्याचं सांगितलं होतं आणि त्यांच्याविरुद्ध बोलणार कोण! पण हेफ्लिकच्या माणसाच्या पेशी साधारण 50 वेळा दुप्पट व्हायच्या आणि थांबायच्या. लोक म्हणणार तुमचं खाद्य खराब, भांडं खराब, इन्फेक्शन असेल. म्हणून त्यांनी पुरुषाच्या बऱ्याच वेळा विभागलेल्या म्हाताऱ्या पेशी आणि स्त्रीच्या तरुण पेशी एकाच भांड्यात एकत्र वाढवल्या. खाद्य तेच, हवा तीच. काही काळाने बघितलं तर भांड्यात फक्त स्त्रीच्या पेशी उरल्या होत्या! दोष भांड्याचा असता तर सगळ्याच थांबल्या असत्या ना? पेशी स्वतःच मोजत होती. मला हा प्रयोग इतका आवडतो की कितीही वेळा सांगितला तरी कंटाळा येत नाही.

मोजते कशी, तर क्रोमोझोमच्या टोकांना टेलोमेअर नावाच्या डीएनएच्या टोप्या असतात, ते प्रत्येक विभाजनात थोडे झिजतात आणि फार आखूड झाले की पेशी त्याला डीएनएची मोडतोड समजते, मग पी 53 आणि पी 16 ही प्रोटीन्स विभाजन थांबवतात. कॅन्सरच्या बहुतेक पेशी टेलोमरेज नावाचं एन्झाइम चालू करून ही झीज भरून काढतात. पण नुसतं टेलोमेअरच कारण नसतं, 1997 मध्ये दिसलं की रास नावाचा कॅन्सर घडवणारा जीन निरोगी पेशीत घातला तरी ती बेफाम वाढायच्या ऐवजी थांबते. रेडिएशन, केमोथेरपी यानेही थांबते.

आता स्क्रीनवर बघा, हे निळे डाग. 1995 मध्ये ज्युडिथ कॅम्पिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेनेसंट पेशींना निळा रंग देणारी टेस्ट आणली, आणि वयस्कर माणसांच्या त्वचेत निळ्या पेशी जास्त दिसल्या.

इथून गोष्ट गुंतागुंतीची होते. थांबलेली पेशी गप्प बसत नाही हो! ती आजूबाजूला सतत रसायनं सोडत राहते, सूज वाढवणारं आयएल 6, आयएल 8, दोन पेशींच्या मधली जाळी कापणारी एन्झाइम्स. तरुणपणी हे कामाचं असतं, कारण त्यामुळे इम्यून सिस्टीमला बोलावणं जातं, ती येऊन ही पेशी उचलते आणि विषय संपतो, जखम भरायलाही याची मदत होते. पण वय वाढलं की या पेशी साठत जातात आणि तीच रसायनं शेजारच्या पेशींना बिघडवतात, इतकी की जवळ कॅन्सरकडे झुकलेली पेशी असली तर तिला वाढायला मोकळी वाट मिळते. म्हणजे जो ब्रेक आपल्याला तरुणपणी कॅन्सरपासून वाचवतो त्याचंच ओझं म्हातारपणी वाहावं लागतं, आणि मला यात निसर्गाची चूक दिसत नाही, मुलंबाळं होईपर्यंत शरीर टिकवणं हेच त्याला जमवायचं होतं.

मग या पेशी काढूनच टाकल्या तर? 2016 मध्ये मेयो क्लिनिकच्या टीमने जेनेटिकली बदललेल्या उंदरांमध्ये हेच केलं, त्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे उंदीर मरेपर्यंतचा काळ) साधारण 25 टक्क्यांनी वाढलं आणि ट्युमर उशिरा आले. पण दुसऱ्या एका प्रयोगात अशा पेशी काढलेल्या उंदरांच्या जखमा उशिरा भरल्या. म्हणून अशा पेशी मारणारी औषधं रोज न देता अधूनमधून द्यायची असा विचार आहे. त्यातलं एक डासाटिनिब, मुळात ब्लड कॅन्सरचं औषध, दुसरं क्वेर्सेटिन, फळं-भाज्यांमध्ये असणारं एक रसायन. 2019 मध्ये फुप्फुसं घट्ट होत जाणाऱ्या आजाराच्या 14 पेशंटना ही जोडी 3 आठवडे, आठवड्यातून 3 दिवस दिली. 6 मिनिटांत ते आधीपेक्षा जास्त अंतर चालले, फुप्फुसाच्या क्षमतेत मात्र फरक पडला नाही, आणि तुलनेला औषध न घेतलेला गटच नव्हता.