पंचेचाळीस अंशांतला टर्बो

(दृश्य : सकाळचे साडेसात. पत्र्याची शेड. जॅकवर एक छोटी हॅचबॅक, बॉनेट उघडं. मागे ट्रकांचे हॉर्न.)

नागपूरहून अमरावती रोडवर वाडी लागली की दोन्ही बाजूंना ट्रकच ट्रक. ट्रान्सपोर्टची ऑफिसं, टायरवाले, कमानपाटेवाले, रेडिएटरवाले. या रांगेच्या मागच्या गल्लीत ही शेड आहे. ट्रकचे टर्बो खोलणं हा इथला धंदा. टाटा १६१३ काळा धूर ओकायला लागली, चढावर दम सोडायला लागली, की ड्रायव्हर पत्ता न विचारता इथे पोचतो.

आज जॅकवर आहे ती अबार्थ पुंटो. फियाटने ती २०१५ साली भारतात आणली. १.४ लिटरचं टी-जेट इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, २१२ न्यूटन मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या आत. हेच टी-जेट फियाटच्या लिनिया सेडानमध्ये ११४ हॉर्सपॉवर द्यायचं. अबार्थ हा फियाटचा वेगवान गाड्यांचा ब्रँड, विंचू हे त्याचं चिन्ह; तो विंचू नाकावर बसला आणि आकडा वाढला. गाडी आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याजवळ रांजणगावला बनायची. पण तेव्हा लोक पहिला प्रश्न विचारायचे तो मायलेजचा. काही वर्षांत फियाटनं पुंटो-लिनिया दोन्ही बंद केल्या, आणि ज्यांच्याकडे अबार्थ आहे ते आता तिच्या पार्टसाठी गावोगाव फोन फिरवतात.

या गाडीचा मालक मिहान या विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रात नोकरीला आहे. गाडी त्यानं जुनी घेतली, २०१६ची. गेल्या हिवाळ्यात सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागला. टर्बोच्या दांड्याला खेळ आला होता, तेल गळून एक्झॉस्टमध्ये जात होतं. दुरुस्ती तर करायचीच होती. मग त्याच्या डोक्यात आलं, खोलतोच आहोत तर मोठा का नाही बसवायचा?

(दृश्य : हातावर ठेवलेला टर्बो. मिस्त्री बोटानं चाक फिरवतात.)

मिस्त्री : "हे पाहा भाऊ. दोन पंखे, एक दांडा. बस इतकंच हाये. पण हा दांडा मिनिटाला दोन लाख चक्कर मारते. बेअरिंगमंधी तेलाचा पडदा आहे तोवर जिता. पडदा फाटला का गेला."

त्यापेक्षा सोप्या भाषेत टर्बो समजावून सांगणं अवघड आहे. एका पंख्यावर इंजिनातून निघालेला गरम धूर आदळतो, पेट्रोल इंजिनात नऊशे अंशांच्या पुढचा. त्यानं दांडा फिरतो आणि दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. आल्फ्रेड ब्यूची नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे.

मिस्त्रींना ट्रकच्या टर्बोची सवय. डिझेलचा धूर त्या मानाने थंड असतो. पेट्रोलचा टर्बो पहिल्यांदा हातात आला तेव्हा आपण बिचकलो होतो, असं ते मोकळेपणानं सांगतात.

मोठा टर्बो म्हणजे नेमकं काय केलं? बाहेरचं कवच मूळचंच ठेवलं. आतली हवा दाबणारी बाजू खरादून जास्त व्यासाचं चाक बसवलं, धुराकडचं चाकही जरा मोठं घेतलं. याला हायब्रिड टर्बो म्हणतात. बॉनेट उघडून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. चाकं आणि दांडा मिळून होणारा आतला भाग, म्हणजे कोअर, बॅलन्सिंगसाठी पुण्याला जाऊन आला, कारण दोन लाख फेऱ्यांना मिलिग्रॅमचा फरकही बेअरिंग खातो. मोठ्या चाकाला वेग पकडायला वेळ लागतो. पाय दाबला आणि ढकल उशिरा आली, याला लॅग म्हणतात. म्हणून मालकानं मध्यम मापाचं चाक निवडलं. माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात शहाणा निर्णय तोच होता.

(दृश्य : वेल्डिंगचा उजेड. मग तुटलेल्या स्टडचा जवळून घेतलेला शॉट.)

काम दोन दिवसांचं ठरलं होतं, लागले नऊ. मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर टर्बोकडे नेणारा भाग, इंजिनाच्या हेडला ज्या स्टडांनी (बोल्टांनी) जोडलेला असतो, त्यातला एक हेडमध्येच तुटला. दहा वर्षं तापून-थंडावून तो आत चिकटला होता. हेड ॲल्युमिनियमचं, ड्रिल जरा तिरपं गेलं तर हेडच जायचं. मिस्त्रींनी रात्रभर गंजावरचं तेल सोडलं, सकाळी तुटक्या टोकावर एक नट वेल्ड केला आणि तो लालबुंद असतानाच पाना लावून इकडे-तिकडे, इकडे-तिकडे, असा पाऊण तास हलवला. तेवढा वेळ शेडमध्ये कुणी बोललं नाही. स्टड बाहेर आला तेव्हा मिस्त्री एवढंच म्हणाले, "चाय सांग बे."

आमचा कॅमेरा तेव्हा चार्जिंगला लावलेला होता. असो.

नवा टर्बो बसल्यावरही किल्ली फिरवून गाडी सुरू केली नाही. आधी टर्बोच्या तेलाच्या भोकात सिरिंजनं तेल भरलं. मग पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून नुसता स्टार्टर मारत राहिले, डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत. कोरड्या बेअरिंगवर पहिले काही सेकंद फिरले की नवा टर्बो तिथेच जुना होतो.

(दृश्य : दुपार. वर्धा रोड, वर मेट्रो. सिग्नलवर हिरवी जाळी, तिच्या सावलीत दाटीनं उभ्या दुचाकी.)

आता गोष्टीत खरा खलनायक येतो, आणि तो नागपूरकरांच्या ओळखीचा आहे.

२०१३च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २०२४च्या मे अखेरीस रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्रानं तर ५६ अंश दाखवले आणि देशभर बातम्या झाल्या. पुढे हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सर बिघडला होता. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी नागपुरात फार थोड्यांना तो आकडा खोटा वाटला.

हवा तापली की पातळ होते. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा साधारण दहा टक्क्यांनी विरळ. म्हणजे टर्बोचा पंखा तेवढाच फिरला तरी इंजिनाच्या पदरात कमी हवा पडते. दोनशे हॉर्सपॉवर काढायची तर इंजिनाला मिनिटाला नऊ किलोच्या आसपास हवा लागते. नागपूरच्या मे महिन्यात ते आठ हजार लिटरच्या वर जातं. त्या हवेसोबत पेट्रोल जळतं मिनिटाला जवळजवळ एक लिटर. मायलेज विचारणाऱ्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल.

दुसरी अडचण याहून मोठी. हवा दाबली की ती आणखी तापते. सायकलचा पंप मारताना नळी गरम लागते ना, तसंच. ४५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, तर चांगल्या टर्बोतूनही ती १४५ अंशांच्या आसपास बाहेर पडते. लहान टर्बोला त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त पळवलं तर १६० पार. मोठ्या टर्बोचा खरा फायदा इथे कळतो: तेवढाच दाब तो कमी धडपडीत देतो, म्हणून हवा कमी तापते. लोक मोठा टर्बो ताकदीसाठी बसवतात. नागपुरात तो आधी गारव्यासाठी उपयोगी पडतो.

टर्बोतून निघालेली ही भट्टीची हवा इंजिनात जाण्याआधी इंटरकूलरमधून जाते. तो म्हणजे पुढच्या बंपरमागचा हवेचा रेडिएटर. पण इंटरकूलर थंड करणार कशानं? बाहेरच्या हवेनंच. आणि ती ४५ अंशांची.

(दृश्य : लॅपटॉपवर आलेख. मालकाचा चेहरा.)

इंजिनाची सेटिंग बदलून देणारा ट्यूनर पुण्यात बसून लॅपटॉपवर गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, पाहत होता. बुटीबोरीच्या पुढे, दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी शंभरच्या आत राहून मालक गाडी ओढायचा आणि आकडे पुण्याला जायचे. पहाटे साडेपाचला इंटरकूलरनंतरची हवा ४४ अंश होती. त्याच दिवशी दुपारी दोनला, व्हरायटी चौकापासून सिग्नल खात आलेल्या त्याच गाडीत, ७८.

इतक्या गरम हवेत उरलेलं पेट्रोल ठिणगीनं लावलेली आग पोचायची वाट न पाहता स्वतःच पेटायला बघतं. त्याला नॉकिंग म्हणतात; पिस्टनवर हातोडा मारल्यासारखा आवाज. इंजिनावरचा नॉक सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू ठिणगी उशिरा टाकायला लागतो. पिस्टन वाचतो, पण ताकद जाते. पहाटे जी गाडी सीटला पाठ चिकटवत होती ती दुपारी मूळच्यासारखीच चालत होती.

मालक : "काका, मंग एवढे पैसे टाकून मी काय केलं?"

मिस्त्री : "सकाळी चालवा न."

इथे पेट्रोलचाही हात आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉलमुळे मायलेज पडतं म्हणून लोक ओरडतात, ते खोटं नाही. पण टर्बोवाल्यांसाठी त्यात एक चांगली बाजू आहे. इथेनॉलला नॉकिंग लवकर होत नाही आणि त्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं. अट एकच. बिनइथेनॉलच्या पेट्रोलपेक्षा इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरनी सात-आठ टक्के जास्त इंधन सोडायला हवं. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेतो. पाय पूर्ण दाबल्यावर मात्र ईसीयू ठरलेल्या आकड्यांवर चालतो, आणि ते आकडे जुन्या पेट्रोलचे असतील तर इंजिन उपाशी पळतं. म्हणून मोठे इंजेक्टर आले, नवा मॅप, म्हणजे ईसीयूतल्या त्या आकड्यांचा नवा तक्ता, आला, आणि मालकाच्या बायकोला सांगितलेलं बजेट मागेच राहिलं.

(दृश्य : मिस्त्री कुलरच्या टाकीत हात घालून छोटी मोटर काढताना.)

उपाय सापडला शेडच्या कोपऱ्यात. तिथे एक लोखंडी डेझर्ट कुलर घरघरत होता.

मिस्त्री : "बाहेर आग बरसून राहिली अन् इथं आपण बसलो हाव न? काहून? पाण्यानं. मंग गाडीनं काय पाप केलं?"

नागपूरची उष्णता कोरडी असते. कोरड्या हवेत पाण्याची झपाट्यानं वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं. मे महिन्यातल्या दुपारी इथे थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळा, पारा वीसेक अंश खाली येतो. वाळ्याच्या ताट्यांवर अख्खं शहर उन्हाळा काढतं ते याच जोरावर. मिस्त्रींनी काचेवर पाणी मारायची वॉशर मोटर घेतली, पाच लिटरची टाकी डिकीत बसवली, दोन नळ्या पुढे ओढल्या आणि इंटरकूलरच्या तोंडावर बारीक फवारे सोडले. हा शोध त्यांचा नाही. मित्सुबिशी इव्हो आणि सुबारू एसटीआय या जपानी टर्बो गाड्यांमध्ये कंपनीनंच असे फवारे दिले होते. मिस्त्रींना ते माहीत नव्हतं, आणि आम्ही सांगितल्यावर त्यांना फार आनंद झाला असंही नाही.

पण फवाऱ्याच्या आधी त्यांनी एक साधं काम केलं, आणि निम्मा फरक त्यानंच पडला. बंपर आणि इंटरकूलरमध्ये चार बोटं फट होती. हवा अडचणीतून जाण्यापेक्षा त्या फटीतून निसटायची. त्यांनी पत्रा कापून, कडेला रबर लावून फट बुजवली. आता पुढून आलेल्या हवेला इंटरकूलरमधूनच जावं लागतं. शिवाय टर्बोच्या गरम बाजूला उष्णतारोधक जाकीट चढवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला तोच रस्ता, तेच सिग्नल. आकडा ५९.

हॉर्सपॉवर किती झाली ते विचारू नका. गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढलेली नाही, आणि डायनोशिवाय सांगितलेली हॉर्सपॉवर पानठेल्यावरच शोभते.

(दृश्य : आरसी कार्डाचा शॉट, नंबर झाकलेला.)

एक गोष्ट मालकाला कॅमेऱ्यासमोर नको होती, पण सांगायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीही हेच बोट दाखवेल. अशा गाडीची खरी जागा ट्रॅकवर. पण चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई असो, कोइंबतूरचं कारी असो की ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, नागपूरहून सगळं हजार किलोमीटरच्या घरात किंवा पलीकडे. देशाचा झीरो माइल आपल्या गावात आहे, सगळं सारख्याच अंतरावर. म्हणजे सारखंच लांब.

समृद्धी महामार्ग दारात आहे, शिवमडक्यापासून सुरू होतो, हे खरं. तिथे गाड्यांना मर्यादा ताशी १२०. तापलेल्या काँक्रीटवर फुटलेल्या टायरांच्या पट्ट्या पाहिल्यावर ती मर्यादा कमीच वाटायला हवी.

(दृश्य : रात्र. गाडी शेडसमोर येऊन थांबते. इंजिन सुरूच.)

मालकानं आता दोन मॅप ठेवलेत. एक कमी बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या कमी दाबाचा, होळीपासून पावसापर्यंत. दुसरा बाकीच्या वर्षाचा. आणि गाडी थांबवली की किल्ली लगेच फिरवायची नाही, मिनिटभर चालू ठेवायची, म्हणजे टर्बोतलं तेल आतच जळून कोळसा होत नाही. त्या मिनिटात तो काही बोलत नाही. इंजिनाकडे कान लावून बसतो.

(दृश्य : जून. शेडच्या पत्र्यावर पाऊस. कोपऱ्यातला कुलर प्लास्टिकनं झाकलेला.)

मृगाचा पाऊस पडला, हवा दमट झाली, कुलरचं काम संपलं. आम्ही शेवटचे शॉट घ्यायला गेलो तेव्हा डिकी उघडी होती आणि मिस्त्री पाण्याची टाकी काढत होते.

मिस्त्री : "आता पाच लिटर पाणी काहून वागवायचं? मार्चमंधी आणा, बसवून देतो."

टाकी त्यांनी शेडमध्ये, कुलरच्या शेजारी, त्याच प्लास्टिकखाली ठेवली.