तारेवरचं भय

श्रोतेहो, नमस्कार.

अफाट खर्चाचा, अफाट गाजावाजा झालेला एक विज्ञानपट नुकताच पाहिला आणि अंधारात बसून चक्क जांभया दिल्या. नाव घेत नाही. परग्रहावरून संकट येतं, शहरं कोसळतात, एकटा नायक जग वाचवतो, एवढं सांगितलं की तुम्हीच चार नावं सुचवाल. पैसा पडद्यावर दिसत होता, त्याबद्दल वाद नाही. सुरुवातीलाच एक महानगर जमीनदोस्त. मग दुसरं. तिसरं कोसळत होतं तेव्हा शेजारचा मुलगा मोबाइल बघत होता. थिएटरमध्ये मोबाइल उघडणाऱ्यांविषयी माझी मतं फार कडक आहेत, पण त्या मुलाला मी माफ केलं.

अडलं कुठे? प्रेक्षकाला वाट बघायला लावलीच नाही. संकट येणार, येणार, असं वाटायच्या आतच ते येऊन पडतं.

आता मला माझा लाडका किस्सा सांगू द्या. १९९३ सालचा ‘जुरासिक पार्क’. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग एकदा गाडीत गाणी ऐकत होते. आवाज एवढा मोठा, की ठोक्याठोक्याला आरसा थरथरायला लागला. त्यांना वाटलं, डायनोसॉर येतोय हे असंच कळायला हवं! त्यांनी फर्मान सोडलं: गाडीत पाण्याचा पेला ठेवा आणि त्यात गोल तरंग उठू द्या. जनावर दिसायच्या आधी त्याचं पाऊल दिसलं पाहिजे, तेही पाण्यात.

ऐकायला सोपं. करायला गेले तर जमेना. पेला हलवला की पाणी नुसतं डुचमळतं. मधोमध सुरू होऊन कडेपर्यंत जाणारी सुबक वर्तुळं काही उठत नाहीत. विशेष दृश्यांची जबाबदारी मायकेल लँटिएरी यांच्याकडे होती. त्यांची सगळी मंडळी डोकं खाजवून दमली. शेवटी एका रात्री गिटारशी चाळा करता करता लँटिएरींनी तिच्यावर पेला ठेवला आणि तारा छेडायला सुरुवात केली. हा सूर नाही, तो नाही... आणि एका सुराला पाण्यात हवी तशी वर्तुळं! मग काय, गाडीतून खालपर्यंत गिटारची तार ओवली, एक माणूस गाडीखाली आडवा झाला, आणि इशारा मिळाला की तार छेडायची. टण्ण! जगभरचे प्रेक्षक खुर्चीत आक्रसले ते त्या तारेमुळे, श्रोतेहो. एका तारेमुळे!

आणि याच प्रसंगासाठी बांधलेला भलामोठा यांत्रिक डायनोसॉर? पावसाच्या दृश्यात त्याची कातडी पाणी पिऊन जड झाली आणि तो हुडहुडी भरल्यासारखा कापायला लागला. त्याला पुसून कोरडा करावा लागत होता. दोन तासांहून मोठ्या त्या चित्रपटात डायनोसॉर दिसतात सगळे मिळून साधारण १५ मिनिटं. बाकी काय? वाट. नुसती वाट!

आमच्या या नव्या चित्रपटात तर वाट बघणं विज्ञानानंच हातात ठेवलं होतं. नायक मंगळावर आणि बायको पृथ्वीवर, दोघं शेजारच्या खोलीतून भांडावं तशी भांडतात. मंगळ अगदी जवळ असला तरी संदेश पोचायला सुमारे ३ मिनिटं लागतात, लांब असला तर सुमारे २२. उत्तर यायला पुन्हा तेवढीच. ‘तू जिवंत आहेस ना?’ असं विचारायचं आणि जवळजवळ पाऊण तास उत्तराकडे कान लावून बसायचं! त्याऐवजी त्यांनी आणखी एक पूल उडवला. पार्श्वसंगीताचं तर विचारूच नका. माणसं बोलतायत की नाही, हे ओठांवरून ओळखायचं.

दुसरा भाग येतोय म्हणे. झलकेत आताच चार शहरं पडली आहेत, आणि राक्षसही चांगला नखशिखान्त दाखवून टाकलाय.

नमस्कार.